नागपूर-मुंबई रेघ

२००९ च्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून चिखलीला आला होता. येताना त्याने माझ्यासाठी एक छोटा डिजिटल रेडिओ आणला. मुठीत मावेल एवढा, आकडे दाखवणारा, काटा वगैरे काही नाही. मी लगेच मध्यम लहरी लावल्या आणि नागपूर शोधायला बसलो. ५८० वर घोगरा आवाज, ५९० वर पण घोगरा आवाज, आणि ५८५ हा आकडा त्या रेडिओला माहीतच नाही! बटण दाबलं की तो दहा-दहाच्या उड्या मारायचा. मुंबईचं ५५८ त्यातल्या त्यात ५६० वर बरं लागलं, जळगावचं ९६३ सुद्धा ९६० वर चालून गेलं. नागपूर मात्र बरोबर दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलेलं.

भाचा म्हणाला, "मामा, खराब झाला वाटतं प्रवासात." या मुलाला तिकडे स्कॅनरचा नाद आहे. म्हणजे अग्निशमन दल, रेल्वे, विमानतळ यांची आपसातली बोलणी ऐकायचा रेडिओ. (आपल्याकडे असलं काही परवान्याशिवाय करू नये बरं का, तिकडे बऱ्याच ठिकाणी चालतं.) तर मी त्यालाच उलट विचारलं, "तुझ्या त्या स्कॅनरवर आवाज नीट आला नाही तर तू काय काय बघतोस?" त्याने पाढा म्हटल्यासारखं सांगितलं. आधी पायरी बरोबर आहे का बघायची, म्हणजे एका चॅनेलपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. मग प्रकार, एएम की एफएम. मग स्क्वेल्च, म्हणजे खरखर गप्प करणारी खुंटी. ती जास्त पिळली तर खरखरीबरोबर बारीक आवाजाचा माणूसही गप्प होतो. आणि जवळचं एखादं केंद्र फार जोरात असेल तर अ‍ॅटेन्युएटर लावायचा, म्हणजे येणारा सगळाच संदेश मुद्दाम कमी करायचा.

मी म्हटलं, मग पायरी बघ की! रेडिओच्या पोटाखाली बॅटरीच्या खणात एक इवलीशी कळ निघाली, ९ आणि १० अशी. ती ९ वर नेली आणि नागपूर खणखणीत लागलं. भाच्याच्या चेहऱ्यावरचा आदर मी पुढे दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ला :)

पण हे नऊ-दहाचं प्रकरण तिथे संपलं नाही, कारण त्यातून मला आबांच्या रेडिओ लायसनच्या पुस्तकातला एक आकडा उलगडला. म्हणजे अर्धा उलगडला. तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी नऊचं. १९७५ साली जिनिव्हात एक मोठी परिषद झाली आणि युरोप, आफ्रिका, आशिया अशा अर्ध्याहून जास्त जगासाठी मध्यम लहरींची नवी वाटणी ठरली. दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर, आणि प्रत्येक आकड्याला नवाने भाग गेला पाहिजे. ५८५ बघा, ५५८ बघा, ९६३ बघा, भाग जातो. २३ नोव्हेंबर १९७८ पासून हे लागू झालं. अमेरिका खंड या वाटणीत नव्हता, तो दहाच्या पायरीवरच राहिला, म्हणून भाच्याचा रेडिओ चिखलीत अडखळला. आपल्याकडे त्याआधी दहाचीच पायरी असायची. म्हणजे १९७८ च्या आधी कुणी डायलवर खूण करून ठेवली असेल, तर ती आजच्या आकड्यांशी जुळणार नाही.

आबांनी खूण केली होती १९७२ साली.

आमच्या घरी रेडिओ आला १९६१ मध्ये. वाल्व्हचा, लाकडी पेटीचा, डाव्या कोपऱ्यात हिरवा डोळा असलेला. केंद्र नेमकं लागलं की तो डोळा मिटत यायचा. आबा प्राथमिक शाळेत गुरुजी. रेडिओबरोबर पोस्टातून लायसन काढावं लागायचं, वर्षाला पंधरा रुपये, त्याचं छोटं पुस्तक आणि त्यात दरवर्षी तिकिटं चिकटवायची. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा होता, आणि संगीत ऐकायची पेटी ही सुद्धा बिनतारी यंत्रच. ही लायसनं बंद झाली १९८० च्या दशकाच्या मध्यावर. तोवर पोस्टातल्या त्या खिडकीवर आबा कधी एक दिवस उशिरा गेले नाहीत.

आता चिखलीची जागा जरा नकाशावर बघा. फाळणीच्या वेळी ऑल इंडिया रेडिओची एकूण नऊ केंद्रं होती. त्यातली लाहोर, पेशावर आणि ढाका पाकिस्तानात गेली, आपल्याकडे सहा उरली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. वऱ्हाडाला हाकेच्या अंतरावर काही नाही. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा ते आमच्या राज्याचं झालं, कारण बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत-वऱ्हाडात. पलीकडे औरंगाबादला निजामाच्या काळातलं केंद्र होतं, ते १९५० साली केंद्र सरकारकडे आलं आणि पुढे बंद पडलं. १९५६ साली पुणे भागातल्या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे रेडिओ-गट करायचा युनेस्कोचा गाजलेला प्रयोग झाला, पण तो मुंबई राज्यात. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात आलो, तोवर प्रयोग आटोपला होता. वऱ्हाडचं हे नेहमीचंच आहे, असो.

तर चिखलीहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ३१० किलोमीटर, मुंबई सुमारे ३८०. दोन्ही लांबच. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, आणि आमची जमीन म्हणजे वर काळी माती आणि खाली काळा खडक. वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर दिवसभर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री चिखलीत सगळा देश यायचा, एकमेकांच्या अंगावर पाय देत. आबांनी धाब्यावर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली होती, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गुटके. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा करून तांब्याची कांब पुरली होती. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की अर्थिंग सुटायचं आणि रेडिओ भुणभुण करायचा. मग आबा तांब्याभर पाणी त्या खड्ड्यात ओतायचे. चिखलीत वैशाखात रेडिओला पाणी पाजणारा माणूस! आजीचं त्यावरून जे काही म्हणणं होतं ते इथे लिहिता येणार नाही.

शिवाय गल्लीत पिठाची गिरणी. तिची मोटार सुरू झाली की बातम्यांवर करवत चालायची. आबा बातम्यांच्या वेळी गिरणीवाल्याकडे जाऊन बसायचे आणि गोड बोलून दहा मिनिटं गिरणी थांबवायचे. म्हणजे स्वतः बातम्या ऐकायला घरी नाहीत, पण गल्ली ऐकते आहे.

लघुलहरींचं वेगळं प्रकरण. १९५२ साली केसकर मंत्री झाले, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली ती या चुकीवरचा उतारा म्हणूनच. पण बुधवारी रात्री आठला गल्लीला सिलोनच लागायचं. ४१ मीटरवर काटा केसाएवढा सरकला तरी गाणं गेलं. लता हळूहळू मागे जायची आणि परत यायची, कारण वरचा थर सारखा हलता. ते कौशल्य माझ्या बाबांचं, आबांचं नाही. आबांना गाण्यात रस नव्हता. त्यांना बोललेला शब्द स्पष्ट हवा असायचा.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं. आबांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, पलटणीत होते, छांबच्या बाजूला. पश्चिमेकडची लढाई १७ तारखेला थांबली. गावात पेढे वाटले गेले आणि आमच्या घरी 'बेपत्ता' अशी तार आली. त्या तारेत मेला असं लिहिलेलं नसतं, जिवंत आहे असंही नसतं. नानी बावीस वर्षांच्या होत्या. जानेवारीच्या सुरुवातीला नानांच्या पलटणीतल्या एकाच्या घरून पोस्टकार्ड आलं: पाकिस्तानच्या रेडिओवर रात्री कैद्यांची नावं वाचतात, लाहोर लावून बघा. हे खरंच होतं. त्या हिवाळ्यात पाकिस्तानच्या रेडिओवरून पकडलेल्या भारतीय जवानांची नावं वाचली जायची, आणि आपल्याकडून त्यांच्या लोकांची. कितीतरी घरांना आपला माणूस जिवंत असल्याची पहिली खबर शत्रूच्या रेडिओवरून मिळाली आहे.

चिखली ते लाहोर सुमारे साडेबाराशे किलोमीटर. आबांनी केलं ते कुणीही करेल. धाब्यावरची तार वाढवली. बांबू उंच केले. अर्थिंगला मीठ-पाणी घातलं. नानींना शेजारी बसवून रात्री आवाजाची खुंटी पूर्ण पिळली. सगळंच वाढलं, खरखर सुद्धा, आणि नागपूर आणि मुंबई तर डायलभर पसरली. तीन-चार रात्री असंच. लाहोरचा माणूस भिंतीपलीकडे बोलत असल्यासारखा, सूर कळतो, शब्द नाही. ऐकून ऐकून नानी उठून गेल्या आणि परत त्या खोलीत आल्या नाहीत.

मग बाजारातले रेडिओ दुरुस्तीवाले मिस्त्री आले. हे गृहस्थ चौथी नापास आणि वाल्व्हचे उस्ताद. त्यांचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे: "गुरुजी, तुम्ही तार वाढवून रायले, पण त्यानं नागपूरबी वाढते नं! आपल्याले नागपूर वाढवाचं नाही, दाबाचं हाय."

त्यांनी आबांचा वाल्व्हचा रेडिओ बंदच करायला लावला आणि दुकानातला एक ट्रान्झिस्टर आणून दिला. (त्याचं लायसन कुणाच्या नावावर, हा प्रश्न आबांनी विचारला. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही.) ट्रान्झिस्टरच्या पोटात काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, तीच त्याची एरियल. ही कांडी बाजूने येणारी लहर ऐकते आणि टोकासमोरून येणाऱ्या लहरीला बहिरी असते. म्हणजे कांडीचं टोक ज्या केंद्राकडे कराल ते केंद्र दबतं. आकाशातून उतरणारी लहर असेल तर पूर्ण मरत नाही, पण दबतं. धाब्यावरच्या लांब तारेला ही अक्कल नसते, ती सगळ्यांचं सगळं आणून ओतते.

मिस्त्रींनी जेवायचा एक पाट मागितला. फरशीवर तो उलटासुलटा सरकवून बघितला, त्यावर ट्रान्झिस्टर ठेवला आणि पाट हळूहळू फिरवायला लागले. नागपूर मंद होतं ती जागा सापडली. मुंबईसाठी परत फिरवायला गेले तर फिरवावंच लागलं नाही, जवळजवळ त्याच जागेवर मुंबईही बसली. मिस्त्री स्वतःच चकित झाले म्हणे. त्यांनी खिळा घेतला आणि पाटावर आडवी रेघ ओढली, एका टोकाला 'ना', दुसऱ्या टोकाला 'मुं'. पाट कसा ठेवायचा याची खूण फरशीवर कोळशाने केली.

हे चकित होणं बरोबर होतं का ते मी खूप वर्षांनी नकाशा, पट्टी आणि कोनमापक घेऊन बघितलं. चिखलीहून नागपूर पूर्वेला, जरासं उत्तरेकडे कललेलं. मुंबई पश्चिमेला, जराशी दक्षिणेकडे कललेली. दोघी इतक्या समोरासमोर आहेत की एकच रेघ दोन्हीकडे लांबवली तर फरक साधारण पाच अंशांचा पडतो. आणि त्या रेघेला काटकोन केला की बोट उत्तरेकडे जातं, दहा-बारा अंशांच्या फरकाने थेट लाहोरवर. चिखली शंभर किलोमीटर इकडे-तिकडे असती तर हे जमलं नसतं. आम्ही आयुष्यभर तक्रार करत आलो की आम्ही नागपूर आणि मुंबईच्या मध्ये कुठेतरी लटकलेले आहोत. त्या हिवाळ्यात तेच कामाला आलं.

दुसरी युक्ती वेळेची होती. आपली केंद्रं रात्री अकराच्या सुमारास निरोप घ्यायची. मग डायल मोकळा. आणि तिसरी, आवाज कमी ठेवायची. आबांना सुरुवातीला हे पटेना. पण मोठ्या आवाजात कान आधी खरखरीला थकतात, आणि घरातली माणसं जागी होतात ते वेगळंच. कांबळं डोक्यावरून घेऊन, ट्रान्झिस्टर कानाला नाही तर पाटावरच, आणि स्वतः फरशीवर आडवं होऊन कान त्याच्या जवळ. हात लावला की रोख बिघडतो, म्हणून हात पाठीमागे. पंचावन्न वर्षांचे गुरुजी जानेवारीच्या थंडीत असे रोज झोपायचे.

लायसनच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने तारखा आहेत. प्रत्येक तारखेपुढे डायलवरचा आकडा, तोच आकडा पुन्हा पुन्हा, आणि एखादा शब्द. 'खरखर.' 'दिवे गेले.' (ट्रान्झिस्टर बॅटरीवर चालतो, दिवे गेल्याने उलट बरं झालं असणार, सगळ्या गावाची भुणभुण बंद.) 'पंजाबी.' 'नावे, १४.' 'नावे, ९.' मग २२ जानेवारीला: 'बुलढाणा. नाव गेले.'

एवढंच. यादीत हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा असं वाचत असावेत. लहर नेमकी नावावर बुडाली आणि जिल्ह्यावर वर आली.

आबांनी हे कुणालाही सांगितलं नाही. आजीला पण नाही, नानींना तर नाहीच. शाळेत जाऊन पाढे घेत राहिले. पुढच्या रात्री आणि त्याच्या पुढच्या रात्री तेच नाव परत येईल म्हणून पडून राहिले. ते आलं नाही. हे सगळं आबांनी बाबांना सांगितलं ते पुष्कळ नंतर, आणि बाबांनी विचारलं होतं की निदान नानीला तरी का नाही सांगितलं? आबा म्हणाले होते, जिल्ह्यात बाकी लोक नाहीत काय.

फेब्रुवारीच्या शेवटी रेडक्रॉसमार्फत कार्ड आलं. नानांच्या हातचं, तीन ओळी. नानी ते कार्ड घेऊन रेणुकामातेच्या देवळात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवर सहाशेहून जास्त भारतीय कैदी परत आले, त्यात नाना होते. कानाने थोडे अधू झालेले, बाकी धड.

मला लहानपणापासून वाटत होतं की गोष्ट इथे संपते. लायसनच्या पुस्तकात ती संपत नाही. तारखा मार्चमध्ये चालू आहेत. एप्रिलमध्ये आहेत. कार्ड आलं, नाना जिवंत आहेत हे कळलं, तरी आबा पाटाशी पडून आहेत. 'नावे, ६.' 'खरखर.' 'नावे नाहीत.' शेवटची नोंद ११ मे ची आहे.

याचा उलगडा नानांनीच केला, २००९ च्या त्याच दिवाळीत, भाच्याचा रेडिओ त्यांच्या पुढ्यात वाजत असताना. मी सहज म्हटलं, तुमचा जिल्हा तरी आबांनी ऐकला होता. नानांना हे नवीनच होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माह्या कागदावर जिल्हा अकोला होता. भरतीच्या वेळेस कारकुनानं चुकीचा लिहिला, तो शेवटपर्यंत तसाच. मी तिथंबी अकोलाच सांगतलं, कागदाशी जुळलं पायजे म्हणून." नाना परत आले त्या हिवाळ्यात दोघा भावांचं यावर बोलणं झालं होतं का, हे मी विचारलं. नाना म्हणाले, दादानं एकदा विचारलं होतं, जिल्हा कोणता सांगितलास म्हणून. बस, एवढंच विचारलं होतं. पण ते डिसेंबरात. मार्च-एप्रिलमध्ये आबांना हे माहीत असायचं कारण नाही, तेव्हा ते कशासाठी ऐकत होते हे मला सांगता येत नाही. कार्डावरच्या पत्त्यात जिल्हा दिसला असेल का? ते कार्ड नानींच्या पेटीत होतं, पेटी १९८० च्या पुरात भिजली.

मग ते नाव कुणाचं होतं? बुलढाणा जिल्ह्यातून त्या वेळी बरीच मुलं फौजेत होती. परत आलेल्यांमध्ये तो असेलच, असं मी धरून चालतो. सरकारी यादीत ५४ जण पुढे वर्षानुवर्षं बेपत्ताच राहिले, पण त्या यादीशी याचा संबंध जोडायला माझ्याकडे काही नाही, आणि जोडायची इच्छाही नाही.

पाटावरची रेघ मात्र अजून आहे. आम्ही मुलं त्या पाटावर कुणी बसायचं यावरून भांडायचो, आणि 'ना' म्हणजे नाना, म्हणून तो नानांचा पाट, असं ठरवून टाकलं होतं. 'मुं' चा अर्थ मुंज, असं आत्याने ठोकून दिलं होतं. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची मध्यम लहरींवरची बरीच प्रक्षेपणं बंद झाली, त्यामुळे त्या रेघेवर ट्रान्झिस्टर ठेवून मिस्त्रींचा प्रयोग परत करायचा म्हटलं तर दाबायला केंद्र शोधावं लागेल. तो पाट सध्या धाकट्या काकांकडे मेहकरला आहे. वहिनी, तुम्ही हे वाचता मला माहीत आहे: दिवाळीला पाटांना रंग द्यायचं चाललं आहे असं कळलं. तेवढा एक सोडून बाकी सगळे खुशाल रंगवा.